पाचवा पंच घाबरलेला पाहिजे

माझी बायको गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, "फार वाईट झालं." आबा एकटेच म्हणाले, "किती वाजता?"

मी म्हटलं, "दुपारी चार-सव्वाचारला."

"चार की सव्वाचार?"

"आबा, मी काय घड्याळ बघत बसलो होतो का?"

"मग कोण बघत होतं?"

दुसरा कोणी असता तर कानाखाली वाजवली असती. माझा हात जड आहे, सगळा जन्म रस्त्यावर पहार मारण्यात गेला. पण आबांपुढं राग धरता यायचा नाही. मी खिसे चाचपले. दवाखान्यातल्या सिस्टरनं दिलेला कागद तसाच खिशात होता. त्यावर लिहिलं होतं, चार वाजून दहा मिनिटं. आबांनी तो दोनदा वाचला, वहीत उतरवून घेतला, आणि मग चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला. काच स्वच्छच होती.

हे बोलणं घरी झालं नाही. जळगाव जिल्हा संपून धुळे जिल्हा सुरू होतो तिथं, हायवेच्या कडेला एका बाभळीखाली झालं. तिथं त्या वर्षी आबांचं टेबल होतं. संपादकाचं टेबल बाभळीखाली कसं गेलं आणि त्यात माझ्या बायकोचा काय हात होता, ते सांगायला बसलो आहे.

मी चौथी शिकलो. रस्त्याच्या कामावर लागलो आणि मुकादम होऊन रिटायर झालो. लिहिणं हे माझं काम नाही. पण आबा गेल्यावर लोकांनी त्यांच्यावर जे लिहिलं ते वाचून मला राहवेना. 'निर्भीड' म्हणे! आबा कुत्र्याला घाबरायचे. वीज चमकली की टेबलाखाली पाय घ्यायचे. 'झुंजार' म्हणे! बसमध्ये सीटसाठी कधी भांडले नाहीत, उभे राहिले. हे सगळे शब्द त्यांनी लाल पेनानं खोडले असते आणि कडेला लिहिलं असतं, 'मोजलं कोणी?'

ते त्यांचं आवडतं वाक्य. कोणी म्हणालं, आबा, सभेला लई गर्दी होती, तर, "मोजलं कोणी?" कोणी म्हणालं, आबा, तुम्ही वाळलात, तर, "मोजलं कोणी?" शबनममध्ये कायम एक तीस मीटरचा टेप असायचा, कापडी, शिंपी लोकांच्या टेपसारखा पण लांब. लग्नाला गेले तर मांडव मोजायचे. चौकातला खड्डा मोजून छापायचे आणि पुढच्या आठवड्यात परत मोजून वाढदिवसासारखं छापायचे, 'खड्डा चार इंचांनी मोठा झाला.'

आबांचं साप्ताहिक चार पानी. आमच्या तालुक्याच्या गावात, जुन्या सायकलच्या दुकानात ऑफिस. छपाई धुळ्याला. मालक तेच, बातमीदार तेच, गठ्ठे बांधणारेही तेच. पहिल्या पानावर सगळ्यात वर, बातम्यांपेक्षा मोठ्या अक्षरात 'आमची चूक' असायची. एकदा छापलं होतं, 'मागील अंकात अध्यक्ष दोन तास बोलले असे आम्ही लिहिले. ते एक तास पन्नास मिनिटे बोलले. उरलेली दहा मिनिटे माईक बंद होता व ते त्यांना कळले नाही.' लोक बातमी सोडून आधी चूक वाचायचे.

दोन शब्दांना त्यांच्या पेपरात बंदी होती. एक 'खळबळ'. "खळबळ कोणाच्या पोटात झाली? त्याचं नाव आण." दुसरा 'हळहळ'. कोणी मेलं की सगळे पेपर लिहितात, परिसरात हळहळ व्यक्त होत आहे. आबा विचारायचे, "परिसर रडला का? पाहिला का तू?"

माझी बायको शाळेत गेलेली नव्हती. दर शुक्रवारी मी तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचो, एकेक अक्षर लावत. प्रत्येक बातमी संपली की ती विचारायची, "खरं शे का?" मी म्हणायचो, "आबांनी छापलं आहे." मग ती मान हलवायची. दुसऱ्या पेपरचं वाचलं तर मान हलवायची नाही, चहा टाकायला उठायची. आबांबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. "हाऊ माणूस येडा शे, पन खोटा नही."

मग निवडणूक आली आणि गावात भीती आली. आमच्याकडे एक साहेब उभे होते. नाव घेत नाही, घेऊन काय करायचं. ते प्रत्येक सभेत काहीतरी नवीन घाबरवायचे. बाहेरचे लोक शिरले आहेत. नाल्यापलीकडे कोणीतरी राहतंय. लोक दिवेलागणीलाच दारं लावायला लागले. चादरी विकायला आलेल्या म्हाताऱ्याला पोरांनी धक्के मारून हाकललं. तेव्हा आबांनी पेपरात सदर सुरू केलं, 'भीतीचा पंचनामा'. साहेबांनी सभेत जी भीती सांगितली असेल, तिच्या जागेवर जायचं, पाच पंच घ्यायचे, बघायचं, मोजायचं, सह्या घ्यायच्या, छापायचं.

मी कायमचा पंच नंबर एक, माझी बायको नंबर दोन. तिचा अंगठा. आबा तिला अक्का म्हणायचे आणि शाईचा पॅड स्वतः धरायचे. पण त्यांचा खरा नियम पाचव्या पंचाचा होता. "पाचवा पंच घाबरलेला पाहिजे," ते म्हणायचे. "न घाबरलेल्या पाच जणांनी बघून काय उपयोग? त्यांना आधीच माहीत असतं." म्हणून दर वेळी गावात खरोखर घाबरलेला माणूस शोधायला लागायचा. तो मिळेपर्यंत आबा पंचनामा सुरू करायचे नाहीत.

साहेब एका सभेत म्हणाले, गावाबाहेर बागवानाचं केळी पिकवायचं चेंबर आहे, त्याला चोवीस तास कुलूप का? आत केळी नाहीत, तलवारी आहेत. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या बागवानाकडून कोणी केळं घेईना. त्याच्या पोरीची शाळेची रिक्षा बंद झाली. आबा टेप घेऊन निघाले. घाबरलेला पंच म्हणून पिठाच्या गिरणीवाला मिळाला. तो काठी घेऊनच आला आणि माझ्या बायकोच्या मागं उभा राहिला.

बागवानानं दार उघडलं. गार हवेचा झोत आला. आत छतापर्यंत क्रेट, क्रेटमध्ये केळी. मी म्हटलं, झालं, चला. गिरणीवाला म्हणाला, "आबा, वरनी केळी काय दखतस! खाले तलवारी ऱ्हातीन."

मला वाटलं आबा चिडतील. आबा खूश झाले. "बरोबर बोलला. म्हणूनच तुला आणला." आणि त्यांनी प्रत्येक क्रेट खाली उतरवायला लावलं. सकाळी दहाला बसलो ते संध्याकाळी पाचला उठलो. प्रत्येक क्रेट रिकामं करायचं, तळाला हात लावायचा, परत भरायचं. थंडीनं माझे दात वाजत होते. बायकोनं एक घड दाबून पाहिला आणि बागवानाला सांगितलं, "आखो दोन दिन लागतीन." आबांनी तेही पंचनाम्यात लिहिलं. शेवटी गिरणीवाल्यानं काठी भिंतीला टेकवली, दोन केळी खाल्ली आणि सही केली. खाल्लेली केळीसुद्धा लिहिली, 'पंच क्र. ५ यांनी दोन नग तपासणीदरम्यान संपवले.'

शुक्रवारी मथळा आला, 'चेंबरमध्ये केळी आढळली'. त्याखाली लहान अक्षरात, 'खालीही केळीच'.

गाव हसायला लागलं. चहाच्या टपरीवर कोणी केळं काढलं की दुसरा हात वर करायचा, "मारू नको रे भाऊ!" साहेबांच्या सभेत मागून कोणीतरी ओरडलं, "खाली काय आहे?" आणि सगळं मैदान ओरडलं, "केळी!" भीती दाखवणाऱ्याला शिवी चालते, हसणं चालत नाही.

पंधरा दिवसांत आबांच्या हातात नोटीस. तडीपार. जळगाव जिल्ह्यातून एक वर्ष बाहेर. आत पाय ठेवला तर दोन वर्षं जेल. कारण? आबांमुळं जनतेत भीती पसरते! साक्षीदार दोन, नावं गुप्त, 'अ' आणि 'ब'. आबांनी पुढच्या अंकात जाहिरात दिली. 'साक्षीदार अ यांस. आपण म्हणता त्या दिवशी, त्या वेळी मी आपणांस चौकात मोठ्याने धमकावले नाही. मी दाताच्या डॉक्टरांकडे होतो व तोंडात कापूस होता. कृपया दुसरा दिवस निवडावा.'

अपील केलं, ते कुठंतरी पडून राहिलं. सगळ्यांना वाटलं पेपर बंद. साहेबांनाही तेच पाहिजे होतं. आबा मला म्हणाले, "मुकादम, आपला जिल्हा संपतो कुठं?"

"पाटी आहे ना हायवेला. बाभळीजवळ."

"पाटीपासून एक पाऊल पुढं टेबल लावलं तर?"

"तर तुम्ही धुळ्यात."

असं ते ऑफिस झालं. बाभळीखाली टेबल, खुर्ची, पाण्याचा माठ. झोपायला धुळ्यात बहिणीकडे, दिवसभर इथं. गावातले लोक एसटीनं यायचे, पाटीच्या अलीकडे उभे राहून बातमी सांगायचे. एसटीचा कंडक्टर मजकूर धुळ्याला प्रेसमध्ये द्यायचा. आबांनी हद्द ओलांडू नये म्हणून एक हवालदार नेमला होता. तो पाटीच्या अलीकडे खुर्ची टाकून बसायचा, आबा पलीकडे. मधे दोन हात जागा. थोड्याच दिवसांत दोघं एका डब्यात जेवायला लागले, डबा पाटीखाली ठेवून.

सगळं झकास चाललं होतं. फक्त मला झोप नव्हती.

कारण ती पाटी मी लावलेली. आणि चुकीच्या जागी लावलेली.

वैशाखातली गोष्ट, खूप वर्षांपूर्वीची. इंजिनिअर साहेबांनी पुढं ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर खडूनं खूण केली, म्हणाले इथं हद्द, इथं पाटी, आणि जीपमध्ये बसून गेले. तिथं खाली काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडायची. माझी बायको तेव्हा गँगमध्येच रोजंदारीवर होती, घमेली वाहायची. तिनं तासभर तमाशा पाहिला आणि म्हणाली, "तठे पहार मोडी जाई. आठे मऊ माती शे, बाभूळनी सावली शे. आठेच लावा. जिल्हा काय पळी जाई का?"

मला पटलं. आम्ही अलीकडे बाभळीजवळ पाटी लावली आणि सावलीत भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेब आले, जीपमधूनच बघितलं, म्हणाले, "छान. सरळ बसली."

म्हणजे हद्द पुढं मोरीवर. म्हणजे आबा तडीपार होऊन रोज जळगाव जिल्ह्यातच बसत होते, हवालदारासमोर. हे कोणाला कळलं की आबा दोन वर्षं आत आणि पेपर संपला. माझ्या एका खड्ड्यामुळं. बायकोला म्हटलं, काय करू? ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. म्हणाली, "सांगी टाका त्यासले." मी नाही सांगितलं. पाच महिने गप्प बसलो. मग ती गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मी बाभळीखाली गेलो. तेव्हाचं ते, "किती वाजता?" चष्मा पुसून झाल्यावर आबा म्हणाले, "किती लोक होते स्मशानात?"

"नाही मोजले."

"मी मोजले असते," आबा म्हणाले आणि पाटीकडे बघत राहिले. मग वही उघडली. "अक्काची बातमी लावायची आहे. मनमिळाऊ, प्रेमळ असलं काही सांगू नको. तिनं काय केलं ते सांग. दाखवता येईल असं."

मी विचार करत बसलो. घमेली वाहिली, ती वाहून गेली. पोरं नाहीत. घर भाड्याचं. माणूस सत्तर वर्षं जगलं आणि दाखवायला काय? मला रडू आलं आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं, "ही पाटी. ही तिनं लावली इथं."

सगळं सांगितलं. हवालदार समोरच होता, त्यानं डोक्याला हात लावला. मला वाटलं आबा आता उठून पळतील, धुळ्याकडे. मोरीपलीकडे गेले की वाचले. आबांनी शबनममधून टेप काढला.

"आबा, कशाला? चला ना पलीकडे, बसून घ्या गुपचूप."

"मोजलं कोणी?"

तेवढ्यात एसटी आली. आबांनी ती हात दाखवून थांबवली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीतले एक मास्तर पंच म्हणून उतरवले. मी चौथा. बाकीची एसटी खिडक्यांतून बघत होती. पाचवा पाहिजे होता. आबा हवालदाराला म्हणाले, "ये."

"आबा, माझी नोकरी जाईल हो!"

"घाबरलास? मग तूच पाहिजे."

त्यानं सही नाही केली. टेपचं टोक मात्र धरलं, तोंड शेताकडे करून. आबांनी लिहिलं, 'पाचवे गृहस्थ टेप धरून होते, परंतु तिकडे पाहत नव्हते.' आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घाबरलेला कोण मग?"

"मी," मी म्हटलं. "मी आहे आबा. तुम्ही आत जाल."

"मग चालेल. कर सही."

पाटीपासून मोरी तीनशे बारा मीटर.

शुक्रवारी कंडक्टरनं गठ्ठा आणला. मी बाभळीखाली उभा राहून वाचायला लागलो. माझं वाचन बैलगाडीसारखं. 'मुकादमांच्या पत्नी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वारल्या. वय अंदाजे सत्तर. जन्माची नोंद कोणी केली नाही. या साप्ताहिकाच्या प्रत्येक पंचनाम्यास त्या हजर होत्या. न पाहिलेल्या गोष्टीवर त्यांनी कधी अंगठा दिला नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांची पाटी त्यांच्या सांगण्यावरून आजच्या जागी लागली, कारण तिथे सावली होती. खरी हद्द तिथून तीनशे बारा मीटर पुढे आहे. त्यामुळे प्रस्तुत संपादक पाच महिने जळगाव जिल्ह्यातच बसून आहेत, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.'

एवढं वाचलं आणि संबंधित आलेच. जीप. त्यातून अधिकारी आणि साहेबांचा एक कार्यकर्ता. आबांनी पिशवी भरून ठेवली होती. दोन बनियन, गोळ्या, टेप.

"टेप कशाला?" अधिकारी म्हणाला.

"कोठडी मोजायला."

"तुम्ही जळगाव जिल्ह्यात बसला आहात हे कबूल?"

"छापलं आहे की. चला."

आबांनी पिशवीची गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली, मी पाहिलं. निर्भीड म्हणणाऱ्यांनी ते पाहायला पाहिजे होतं. ते जीपमध्ये चढणार, एवढ्यात कार्यकर्ता पुढं रस्त्याकडे बघायला लागला. पाटी आणि मोरीच्या मधे एक पेट्रोल पंप आहे. साहेबांच्या मेहुण्याचा. त्याचे सगळे कागद धुळे जिल्ह्याचे, मेहुण्याच्या रहिवासी दाखल्यासकट. हद्द मोरीवर गेली तर पंप जळगावात आणि कागद खोटे. कार्यकर्त्यानं फोन लावला आणि अधिकाऱ्याच्या कानाला दिला.

"हो साहेब... नाही साहेब... पण साहेब, तो स्वतः म्हणतोय..." फोन परत देऊन अधिकारी म्हणाला, "पाटी बरोबर आहे."

आबा म्हणाले, "चुकीची आहे."

"पाटी सरकारी आहे!"

"चूकही सरकारीच. हा काय, मुकादम इथंच आहे."

"तुम्ही धुळ्यात आहात. मला तुम्हाला धरायचा अधिकार नाही."

"मी जळगावात आहे. धरा," म्हणत आबा जीपमध्ये जाऊन बसले.

"नाही धरणार!"

"हुकूम तुमचाच आहे ना?"

"आबा, हात जोडतो, खाली उतरा जीपमधून!"

मग अधिकाऱ्यानं माझ्यासमोर कागद धरला. पाटी योग्य जागी लावली असं लिहिलेलं. सही कर, नाहीतर तुझी पेन्शन बघतो म्हणाला. मी पेन्शनवर जगतो. तरी म्हटलं, "साहेब, मागच्या आठवड्यापर्यंत केली असती. आता छापून आलंय. सही केली तर बायको खोटी पडेल."

"मेलेल्या बाईचं काय घेऊन बसलास?"

मी एक पाऊल पुढं गेलो. हात जड आहे म्हटलं ना. आबा म्हणाले, "मुकादम, बस." मी बसलो. सही केली नाही. आबांना खाली उतरवून जीप गेली. हवालदारानं डबा उघडला.

राहिलेले महिने आबा तिथंच बसले. शेवटच्या पानावर तळाला छापायचे, 'स्थळ : बाभळीखाली, जळगाव जिल्हा (सरकारच्या मते धुळे)'. साहेब निवडून आले. बागवानाचं चेंबर चालू राहिलं, पोरीची रिक्षा सुरू झाली. एवढंच झालं. जास्त झालं असं सांगितलं तर आबा विचारतील.

त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो, खाटेजवळ बसलो आणि पेपर उघडला. सवयच ती. बातमी पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. जीप आल्यामुळं शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या, त्या आता लागल्या.

'हळहळ : दोघांना. त्यांचे यजमान व संपादक. समक्ष खात्री केली आहे.'

मी थांबलो. बातमी संपली की ती विचारायची, म्हणून थांबलो. कोणी विचारलं नाही. मग मीच म्हटलं, "खरं शे."